पाण्याच्या पुढे

भाषण संपवून सुरेंद्र आपल्या खुर्चीकडे वळला तेव्हा टाळ्या अजून चालू होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या त्याला आवडतही होत्या. वडील जाऊन जेमतेम पंधरवडा झालेला. अशा वेळी टाळ्या आवडू नयेत हे त्याला कळत होतं, पण आवडणं काही विचारून येत नाही. त्यानं रुमालानं डोळे टिपले. डोळे खरोखरच ओले होते. मग बसता बसता त्याची नजर खाली पहिल्या रांगेकडे गेली आणि तिथं त्याला एक पाय दिसला. माणूस नंतर दिसला, आधी पाय. डावा. वाकत नसल्यामुळे समोर सरळ काढून ठेवलेला, कमरेला गुंडाळलेल्या पांढऱ्या वेष्टीच्या काठाखालून बाहेर आलेला, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे, खाली जाड तळाचा बूट. शेजारच्या खुर्चीला कुबडी टेकवलेली. भाषण सुरू केलं तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. त्या पायाच्या मालकाचं तोंड त्यानं लगेच पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. असा पाय त्याच्या वर्गात एकाचाच होता, नटराजचा.

सभागृह शाळेचं होतं, म्हणजे नानांचंच, त्याच्या वडिलांचं. सेतुराम राव इथं उभा जन्म भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त झाल्यावरही राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं गोळा करून नकाशे काढायला लावत होते. घरचं तेराव्याचं, शुभस्वीकाराचं जेवण उरकलं आणि जुने विद्यार्थी दारात हजर झाले: आमच्या सरांचं, सारांचं, पडत्तिरप्पु आम्ही करणार. म्हणजे गेलेल्या माणसाच्या तसबिरीवरचा पडदा चार लोकांसमोर सारायचा, आणि मग ज्याला जे आठवेल ते त्यानं बोलायचं. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. फाटकावर दोन माणसं उंचीचा फ्लेक्स लागला होता, अश्रूंची अंजली, एका कोपऱ्यात मेणबत्ती, एका कोपऱ्यात उडतं कबूतर, आणि मध्ये नाना. छापणाऱ्यानं नानांच्या कपाळावरची अंगाऱ्याची काळी उभी रेघ पुसून तिथं विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले होते, वर जन्मात कधी न घातलेला कोटही चढवला होता. भुवना, सुरेंद्रची बायको, फाटकातच थबकून म्हणाली होती, "हें काय केलें यांनी? मामंजींची ओळख पटंना." सुरेंद्रनं राहू दे म्हटलं. ज्याला जसे हवेत तसे करून घेतलेत, प्रेमानंच घेतलेत, असं काहीतरी शहाणपणाचं तो बोलला. आता खुर्चीत बसल्या बसल्या ते वाक्य त्याच्याच अंगावर उलटलं.

कारण त्यानं तरी दुसरं काय केलं होतं? त्याच्या खिशात नीट लिहून आणलेलं एक भाषण होतं: जन्म, शिक्षण, नोकरी, सर्वांचे आभार. चेन्नईच्या विमा कचेरीत निवृत्तीच्या समारंभांना तो अशी भाषणं नेहमी लिहून देतो. पण त्याच्या आधी बोलणाऱ्यांनी घोळ केला. डॉक्टर भरद्वाज म्हणाला, मला टायफॉइड झाला होता तेव्हा सार रोज येऊन उशाशी बसायचे आणि जगातल्या नद्या मोठ्यानं म्हणायचे, आजही मला ताप आला की नद्या ऐकू येतात. वरलक्ष्मी टीचर म्हणाल्या, माझा नवरा गेला तेव्हा सारा स्टाफ काय बोलावं म्हणून चुळबुळत होता, हे एकटे आले आणि माझ्या पोराची नखं कापून गेले. लोक हसले, रडले. आणि सुरेंद्रला एकाएकी जाणवलं की ह्या सगळ्यांचे सेतुराम सार त्याच्या नानांपेक्षा कितीतरी जवळचे होते. आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे? नाना रविवारी आपलीही नखं कापायचे. आईचा हात मोडला होता तेव्हा रोज सकाळी तिची वेणी घालायचे, वाकडी, आणि ती तशीच देवळात जायची. हे सांगता आलं असतं. हे खरं होतं आणि पुरेसं होतं. पण नाव पुकारलं गेलं, तो उठला, आणि तिसऱ्या रांगेत त्याच्या मुलीनं, नंदितानं, मोबाईल वर धरला आणि ओठांनी न बोलता सांगितलं: पाण्याची गोष्ट. लहानपणी झोपताना ती हीच गोष्ट मागायची. खिशातला कागद खिशातच राहिला.

त्यानं सांगितलं ते असं. मेट्टूरचं धरण उघडलं की कावेरीचं पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यावरून वाटलं जातं आणि एक वाटा आपल्या गावातून जाणाऱ्या पुदु आऱ्यात, ह्या आपल्या कालव्यात, सुटतो. उन्हाळाभर पोरं ज्याच्या वाळूत क्रिकेट खेळतात त्या कोरड्या पात्रात एके दिवशी नदी येते. कुठल्या दिवशी, हे नानांना कसं कळायचं कोण जाणे, पण शाळा नुकती सुरू झालेली असायची आणि ते फळा पुसून म्हणायचे, पुस्तकं ठेवा, पाहुणे यायचेत. सगळा वर्ग घेऊन ते पात्रात उतरायचे. पाहुणा आला की सामोरं जायचं असतं, बसल्या जागी या म्हणायचं नसतं. आणि मग वळणावरून पाणी यायचं. पूर येतो तसं नव्हे, बाळ रांगतं तसं, फेस, वाळकी पानं, शेळ्यांच्या लेंड्या, कुणाची तरी तुटकी चप्पल पुढे ढकलत, आणि तापलेली वाळू त्याला पिताना सूं सूं करायची. नाना पोरांना त्या पाण्याच्या पुढे पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावली चालवायचे. मी सहावीत होतो, सुरेंद्र म्हणाला, मला पाण्याची भीती वाटायची, मी मागे राहिलो. तेव्हा नानांनी काठावर येऊन मला उचललं, खांद्यावर बसवलं, आणि नदीच्या पुढे चालत नेलं, थेट पुलापर्यंत. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. आजही कालव्याला पाणी आलं की मी नानांच्या खांद्यावर असतो. हे शेवटचं वाक्य फार वर्षांचं घोटलेलं होतं. त्यावर थांबायचं कसं, मान किंचित खाली कशी घालायची, सगळं सवयीचं.

खांद्यावर नटराज होता. आता व्यासपीठावर, हार घातलेल्या तसबिरीपासून हातभर अंतरावर बसून, हे सुरेंद्रला इतकं स्वच्छ माहीत होतं की मघाशी ते कुठे गेलं होतं याचंच त्याला नवल वाटलं. गेलं नव्हतं कुठेच. बोलायला उभं राहिल्यावर त्यानं सभागृहावरून सावकाश नजर फिरवली होती. ओळखीचे चेहरे पाहावेत म्हणून, असं तेव्हा त्याला वाटलं. आता कळत होतं की तो आपल्या वर्गातलं कोणी आलंय का ते बघत होता. कोणी नव्हतं. विखुरले होते सगळे, आणि नटराज पापनाशमला वकिली करतो एवढं कधीतरी कानावर आलेलं, त्यापलीकडे त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे चोरानं गल्ली पाहून घ्यावी तशी आपण आधी गल्ली पाहून घेतली. आणि आईसमोर किंवा नानांसमोर ही गोष्ट आपण उभ्या आयुष्यात कधी सांगितली नाही. योगायोग म्हणून? आज आई घरी होती, तसबिरीचा पडदा सारलेला मला बघवायचा नाही म्हणाली होती, आणि हे ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं हे आपण स्वतःला विचारलं नाही. सुरेंद्रचे कान तापले. पन्नाशी उलटलेला, केस रंगवणारा, हाताखाली माणसं असलेला माणूस, आणि शाळेत कान धरून उभं केल्यासारखे कान तापले.

पहिल्यांदा त्यानं ती खांद्याची गोष्ट सांगितली ती भुवनाला बघायला गेला तेव्हा. तिच्या वडिलांनी सहज विचारलं होतं, घरात शिक्षक असले म्हणजे मुलांना मार फार बसत असेल नाही? सगळे हसले, आणि दाराआडून भुवनाही हसली, आणि त्याला वाटलं की आपण लाडके होतो हे हिला कळलं पाहिजे. लाडका तर तो होताच. पण लाडाचा पुरावा मागितला तर काय दाखवणार? उचललेली जीभ टाळ्याला लावली आणि नानांचे खांदे गोष्टीत आपसूक पुढं आले. त्या दिवशी गोष्ट छोटी होती. पुढं ती वाढत गेली, फेस आला, चप्पल आली, नंदिताच्या हट्टापायी एक खेकडाही आला होता, तो नंतर त्यानं काढून टाकला. खोबरेलाचा वास मात्र खरा होता. नाना त्याला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत न्यायचे तेव्हाचा. ती सायकलसुद्धा फाटकापर्यंत जात नसे. अलीकडच्या चिंचेपाशी नाना त्याला उतरवत आणि म्हणत, हितनं फुडें मी सार, तूं सुरेंद्रन. शाळेत सगळ्यांना सारखं, कोणाला आपलं म्हणून जवळ घ्यायचं नाही, घरची भाषा बोलायची नाही. सुरेंद्र एकटा चालत आत जायचा. त्या नियमाचा त्याला राग नव्हता, उलट सोयच होती. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात टिकलेल्या त्या मराठीवरून पोरं त्याला काय-काय म्हणून चिडवायची, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात गाठून "काय काय, काय काय" करत फेर धरायची. शाळेत नाना तमिळ बोलतात, चांगलं ठणठणीत तमिळ, ह्याचं त्याला मनातून फार बरं वाटायचं. बापाला बाप न म्हणण्यात इतकं सुख असतं हे कुणाला सांगून पटलं नसतं.

"आता नटराज बोलतील," भरद्वाज माईकवर म्हणाला. "पापनाशमच्या कोर्टातले आमचे प्रसिद्ध वकील. सारांचे विद्यार्थी, आणि सुरेंद्रनचे वर्गमित्र."

कुबडीचा आवाज फरशीवर होऊ लागला. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. कोणीतरी हात द्यायला धावलं, नटराजनं मान हलवून नको म्हटलं आणि खालीच माईक मागितला. तो आणेपर्यंत थोडा वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात सुरेंद्रनं नंदिताकडे पाहिलं. तिनं मोबाईल पुन्हा वर धरला होता. हे सगळं तिच्या मोबाईलमध्ये जाणार. आधी आपलं, मागोमाग ह्याचं. आणि ती घरच्यांच्या ग्रुपवर टाकणार, तिचे ताता, आजोबा, गेल्यापासून ती सगळं टाकते. ती तातांची होती, खरी तातांची. कॉलेजला सुट्टी लागली आणि शेवटचा महिना ती इथंच येऊन राहिली, त्यांना भरवलं, पुसलं, रात्रीची उशाशी जागली. तिला मराठी समजायचं सगळं, पण बोलायची तमिळ. आणि शेवटी नानांचं तमिळ गेलं, इंग्रजी गेलं, नुसती घरची भाषा राहिली, म्हणजे तातांनी त्यात विचारायचं आणि नातीनं तमिळमध्ये सांगायचं असं चाललं होतं. तिचा फोन यायचा. "अप्पा, ताता दिवसभर चिमणा कोठे, चिमणा कोठे विचारतात. चिमणा कोण?" सुरेंद्रनं हसून सांगितलं होतं, मीच. लहानपणी मला म्हणायचे, दुसऱ्या कोणाला नाही. ती म्हणाली, "मग या ना." येतो म्हणाला. कचेरीत तिमाहीची अखेर होती, ती दर तीन महिन्यांनी असतेच. तो निघाला तेव्हा चेन्नई सोडून गाडीनं थोडं अंतर कापलं होतं आणि पुन्हा तिचाच फोन आला, आणि ती म्हणाली, आता सावकाश या.

सहावीतल्या त्या दिवशी काठावर ते दोघं होते. तो आणि नटराज. बाकीचा वर्ग वाळूत, नानांच्या भोवती, आरडाओरडा करत. नटराज उतरू शकत नव्हता म्हणून वर, आणि सुरेंद्र घाबरत होता म्हणून वर, पण घाबरतोय हे दिसू नये म्हणून पायातला काटा काढल्यासारखं करत. वळणावर पाणी दिसलं. पोरं ओरडली. आणि नाना मागे वळले, काठाकडे दोन्ही हात पसरले, आणि नियम करणारा तो माणूस आपलाच नियम विसरला. सगळ्या वर्गादेखत, घरच्या गळ्यानं, घरच्या भाषेत त्यांनी हाक मारली: "चिमण्या, ये की रे. पाणी आलें." वाळूतली दोन पोरं लगेच ओरडली, काय-काय, काय-काय. आणि सुरेंद्र पुलाकडे बघत राहिला. ऐकलंच नाही असं केलं. हाक आपल्याला नाही, ही भाषा आपली नाही, ह्या माणसाला आपण सार म्हणतो. नाना पायऱ्या चढून वर आले. हात अजून पसरलेलेच होते. ते त्याच्यासमोर थांबले, क्षणभर, आणि त्यानं खाली काट्याकडे पाहिलं. काटा नव्हताच. मग ते पसरलेले हात रिकामे कसे मिटायचे म्हणून असेल, की सगळ्यांसमोर पोराला आणखी लाजवायला नको म्हणून असेल, ते बाजूला वळले आणि शेजारच्या नटराजला त्यांनी उचललं. त्या संध्याकाळी घरी जेवताना नानांनी त्याच्या पानात भात जास्त वाढला, एवढंच. भीती, नियम, पोरांचं चिडवणं, सुरेंद्रनं पुढं स्वतःला बरीच कारणं पुरवली. कारण एकच होतं, आणि ते लाज हे होतं. बापाची लाज. आणि ज्या खांद्यांकडे तेव्हा पाठ फिरवली त्यांच्यावर तो नंतर जन्मभर, बोलावल्याशिवाय, चढून बसत राहिला.

"मी फार बोलणार नाही," नटराज तमिळमध्ये म्हणाला. आवाज वकिलाचा, सवयीनं दूरवर जाणारा. "येताना गाडीत मी ठरवून आलो होतो की सारांची एक आठवण सांगायची. पण मला उशीर झाला, आणि येऊन बसतो तो सुरेंद्रन तीच सांगत होता." सभागृह हसलं. सुरेंद्रनं गुडघ्यावरचे हात घट्ट धरले. नटराजनं वर, व्यासपीठाकडे पाहिलं. दोघांची नजर मिळाली. त्या नजरेत राग असता तर सुरेंद्रला सोपं गेलं असतं. नटराज त्याच्याकडे, आजारी माणसाला बघायला गेल्यावर पाहतात तसा, जरा मान कलती करून पाहत होता. "माझा पाय हा असा," तो पुढे म्हणाला. "वाळूत उतरणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी काठावर उभा होतो. तिथून सगळं दिसत होतं. सार पुढे, मागे पाणी, आणि सारांच्या खांद्यावर सुरेंद्रन. तो आत्ता म्हणाला ते अगदी तसंच झालं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एवढीच साक्ष द्यायची होती." त्यानं तसबिरीला हात जोडले आणि कुबडी घेतली. टाळ्या पडल्या, मघापेक्षा जास्त. भरद्वाजनं सुरेंद्रच्या पाठीवर हात ठेवला.

आधी सुटकाच वाटली. तिचीच पुढं त्याला सगळ्यात जास्त शरम वाटणार होती, पण त्या क्षणी तो निवांत खुर्चीला टेकला हे खरं. दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी उघड्या पाडण्यावर ज्याचं पोट चालतं, त्यानं भरल्या सभागृहात, सारांच्या तसबिरीसमोर, आपल्यासाठी खोटी साक्ष दिली. का दिली? बाप गेलेल्या माणसाची सभेत फजिती करायची नाही म्हणून. नाना असते तर त्यांनी हेच केलं असतं. नटराजच सेतुराम सारांचा शिकलेला होता. आपण फक्त पोटचे होतो. आणि मग हळूहळू दुसरं लक्षात यायला लागलं. गोष्ट आता पक्की झाली. खांद्यावर सुरेंद्र, काठावर नटराज, साक्षीदारासकट. काठावर पुलाकडे तोंड करून उभा राहिलेला, पायातला नसलेला काटा काढणारा मुलगा आता कोणीच राहिला नव्हता. त्या मुलाजवळ निदान एक गोष्ट होती जी सभागृहात कुणापाशीच नव्हती. त्याला हाक आली होती.

मागच्या ओसरीत पोंगल आणि वडे मांडले होते. लोक सुरेंद्रला वाटेत अडवत होते, हात हातात घेत होते, काय बोललात म्हणत होते, आणि प्रत्येकाला हो हो करताना तो मेल्याहून मेल्यासारखा होत होता. नटराज हात धुवायच्या नळांजवळच्या बाकावर बसला होता. पाय समोर. सुरेंद्र त्याच्यापाशी गेला, पण बसवेना.

"नटराज, मघाशी मी जे…"

"बस," नटराज म्हणाला. "आणि ते सोड. बाप गेलाय तुझा." त्यानं बाकावर जागा केली. "मला वाईट वाटलं नाही असं म्हणत नाही. सुरुवातीला वाटलं, हा कोणाबद्दल बोलतोय? मग म्हटलं, ह्यालाही हवे असणारच ना खांदे. आम्ही सगळ्यांनी वाटून घेतले होते सारांना. तुझ्या वाट्याला किती आले असतील?"

सुरेंद्र बसला. समोर फाटकावरच्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वाऱ्यानं फुगत होती. नंदिता आतून दोन पेल्यांत काफी घेऊन आली आणि ह्यांचं बोलणं चाललेलं पाहून नुसतीच बाजूला थांबली.

"तुला एक विचारायचं होतं," नटराज म्हणाला. "तुझ्याशिवाय दुसरं कोणी सांगायला उरलं नाही. खरं सांगू का, मी पाणी बघितलंच नाही रे त्या दिवशी. वर बसल्याबरोबर भीतीनं डोळे गच्च मिटले ते पूल येईपर्यंत. ऐकलं तेवढंच आठवतं. मला उचलायला येताना सार काहीतरी ओरडले होते, तुमच्या भाषेत. शाळेत ते कधी तसं बोलायचे नाहीत, म्हणून लक्षात राहिलं. मला वाटायचं, माया इतकी आली की भाषेचं भान सुटलं त्यांचं. ते शब्द मी कुणाला विचारले नाहीत, आपल्या मनात म्हणत आलो. कोर्टात एखादा दिवस वाईट गेला, घरी कोणी आजारी पडलं, की म्हणतो." आणि त्या गलबल्यात, वड्यांच्या वासात, पापनाशमच्या वकिलानं डोळे मिटले आणि एकेक शब्द हातावर ठेवल्यासारखा, तमिळ वळणानं पण बिनचूक उच्चारला: "चिमण्या, ये की रे. पाणी आलें." मग डोळे उघडून म्हणाला, "बरोबर ना? अर्थ काय ह्याचा?"

पेला बशीवर किणकिणला. सुरेंद्रनं वर पाहिलं नाही. पण नंदिताचे पाय त्याला दिसत होते, आणि ते एकदम स्थिर झाले होते. त्या शब्दांतला पहिला शब्द महिनाभर तिनं रात्रंदिवस ऐकला होता, आणि तो कुणाचा हे तिला त्यानंच फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, असंही सांगितलं होतं.

"बाळ, ये, पाणी आलं," सुरेंद्र तमिळमध्ये म्हणाला. "चिमणा म्हणजे चिमणी असते ना, ती. लहान, लाडकं मूल."

"मला म्हणाले ते?"

"तुलाच."

नटराजनं मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिला, आणि मग तोंड फिरवून नळांकडे बघत बसला. सुरेंद्रला वाटलं की झालं, देणं फिटलं, ह्यानं मला खांदे दिले, मी ह्याला हाक दिली. पण मनाला ते पटेना. हाक दिली नव्हती, ती पुन्हा एकदा आपली नाही म्हणून सांगितली होती. ह्या वेळी मोठ्यानं.

नंदितानं एक पेला नटराजच्या शेजारी बाकावर ठेवला. दुसरा ती तसाच धरून उभी राहिली. आजूबाजूला शाळेतली, गावातली, नात्यातली माणसं खात होती, बोलत होती, सगळी तमिळमध्ये, आणि ती आजवर कधी, तातांशीसुद्धा, ज्या भाषेत बोलली नव्हती त्या घरच्या मराठीत, शब्द चाचपत, तातांच्याच तोंडून ऐकलेल्या वळणानं, हळूच पण सगळ्यांदेखत म्हणाली, "अप्पा, तुम्ही काठावर होतांव?"

शेजारचे दोघेतिघे वळून पाहू लागले. नटराजही वळला. त्याला शब्द कळले नाहीत, पण तो दोघांच्या तोंडांकडे आलटून पालटून बघू लागला. सुरेंद्रची नजर सवयीनं दूर फाटकाकडे गेली, तिथं अडकवायला काहीतरी शोधू लागली. मग त्यानं ती परत आणली.

"हो," तो म्हणाला. "काठावर होतों." त्यानं काफीचा पेला तिच्या हातून घेतला, आणि कोणी पुढं काही विचारलेलं नसताना तो त्याच भाषेत म्हणाला, "मला बोलाविलें होतें."